खांदेरीचा वेढा (१६७९-८०) : गुराब, गलबत आणि शिबाड

सन १६७९ चा ऑगस्ट महिना संपत आला होता. पावसाळा पुरता सरला नव्हता आणि किनाऱ्यावरील बहुतेक तारवे अद्याप शाकारलेलीच होती. अशा वेळी शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून माय नाईक भंडारी हा आरमारी सरदार सुमारे दीडशे माणसे व चार लहान तोफा घेऊन खांदेरी बेटावर उतरला आणि त्याने तेथे दगडमातीचा कोट घालावयास आरंभ केला. हे बेट मुंबई बंदराच्या मुखापासून दक्षिणेस सुमारे अठरा-वीस किलोमीटरांवर, थळच्या किनाऱ्यासमोर आहे. त्याच्या व किनाऱ्याच्या मध्ये उंदेरी हे दुसरे, त्याहून लहान बेट आहे. खांदेरीवर दोन टेकड्या असून त्यांच्यामधील सखल भागाशी होड्या लागण्याजोगी जागा आहे. या ओसाड खडकावर काही माणसे दगड रचीत आहेत एवढी वार्ता मुंबईस पोचताच तेथील इंग्रजांची जी धावपळ उडाली, तिचे कारण नकाशाकडे पाहिल्यावर सहज ध्यानी येते. दक्षिणेकडून मुंबईत शिरणारे प्रत्येक शीड खांदेरीवरून दिसते; आणि जे दिसते त्याचा पाठलागही करता येतो.

या प्रसंगाचा वृत्तांत मराठी इतिहासग्रंथांतून अनेकदा आलेला आहे. त्याचा मुख्य आधार मुंबई आणि सुरत येथील इंग्रज वखारवाल्यांचा परस्पर पत्रव्यवहार हाच होय. रॉबर्ट ऑर्म याने १७८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याचा उपयोग केला आणि पुढे १९३१ मध्ये पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयाने त्यातील पत्रे एकत्र छापली. मराठी बाजूचे तितके तपशीलवार समकालीन वृत्त उपलब्ध नाही. त्यामुळे एका पक्षाच्या लेखणीतून दुसऱ्या पक्षाचे आरमार पाहावे लागते, आणि ते पाहताना एक अडचण उभी राहते. ती शब्दांची आहे. इंग्रजी पत्रांत ज्या नौकांची नावे येतात, त्या सर्वांना मराठीत सरसकट 'जहाज' अथवा 'नौका' म्हणण्याचा प्रघात पडला आहे. तेवढ्याने वाक्य पुरे होते, परंतु त्या चार-पाच महिन्यांत समुद्रावर नेमके काय घडले ते समजेनासे होते. खांदेरीचा निकाल कोणत्या तोफेने लागला असे विचारण्यापेक्षा तो कोणत्या जातीच्या तारवाने लागला असे विचारणे अधिक फलदायी आहे.

प्रथम तारखांविषयी एक खुलासा केला पाहिजे. इंग्रजांच्या पत्रांतील तारखा जुन्या ज्युलियन गणनेच्या आहेत. चौलचे पोर्तुगीज नव्या ग्रेगोरियन गणनेने चालत. त्यांच्या कागदांत त्याच दिवसाची तारीख दहा दिवसांनी पुढची पडते. येथे इंग्रजी पत्रांचीच गणना ठेविली आहे.

खांदेरीवर दृष्टी जाण्याची ही पहिली वेळ नव्हती. १६७२ मध्येही तेथे तटबंदी करण्याचा प्रयत्न झाला होता आणि तो जंजिऱ्याचा सिद्दी व इंग्रज या दोघांच्या विरोधामुळे सोडून द्यावा लागला होता. सात वर्षांत परिस्थिती पालटली. मराठ्यांचे आरमार वाढले होते आणि मुंबईची बाजू मात्र दुबळी झाली होती. मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती येऊन अवघी अकरा वर्षे झाली होती. कंपनीच्या लंडनमधील संचालकांना त्या बेटावर होणारा खर्च नेहमीच डाचत असे, आणि या सुमारास त्यांनी फौज व नौका यांत कपात करण्याचे हुकूम पाठविलेले होते. परिणामी, खांदेरीची वार्ता आली तेव्हा मुंबईजवळ 'रिव्हेंज' या फ्रिगेटाखेरीज नाव घेण्याजोगे लढाऊ जहाज नव्हते. बाकीची भरती भाड्याने अथवा सक्तीने घेतलेल्या व्यापारी तारवांनी करावी लागली. मुंबईचे लाकूडफाटा व धान्य बव्हंशी समोरच्या मराठी मुलखातून येई, ही गोष्टही इंग्रजांना विसरता येण्याजोगी नव्हती. तशात कल्याणच्या बाजूस मराठी फौज जमत असल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा मुंबईच्या कौन्सिलास समुद्राबरोबर जमिनीचीही चिंता लागली.

सप्टेंबरच्या आरंभी डॅनियल ह्यूज या एन्साइनाच्या हाताखाली तीन नौका खांदेरीकडे रवाना झाल्या. बेट मुंबईच्या हक्काचे आहे, तेव्हा ते सोडून जावे, असा निरोप मराठ्यांस द्यावयाचा होता. माय नाईकाचे उत्तर थोडक्यात असे होते की, आपल्या धन्याच्या हुकुमावाचून आपण हलणार नाही. या तीन नौका इंग्रजी पत्रांत 'शिबार' या नावाने येतात.

'शिबार' म्हणजे आपले 'शिबाड'. सभासदाने १६९७ मध्ये जिंजीस लिहिलेल्या बखरीत शिवाजी महाराजांच्या आरमाराची जी मोजदाद आहे, तीत गुराब, तरांडे, तारू, गलबत, शिबाड, पगार अशी नावे सापडतात. दोन स्वरांमध्ये आलेला मराठी 'ड' जिभेच्या फटकाऱ्याने उच्चारला जातो आणि इंग्रज कानाला तो 'र' सारखा ऐकू येतो. म्हणून शिबाडचे शिबार झाले. हा शब्द इंग्रजांनी थेट किनाऱ्यावरील लोकांच्या तोंडून घेतला असे यावरून दिसते. त्याच पत्रांत 'मचव्या'साठी जे रूप येते त्यात मात्र 'म' नंतर अनुनासिक आहे, आणि ते रूप पोर्तुगीजांच्या द्वारे आलेले आहे. 'गुराब' हा मूळचा अरबी शब्द; त्याचा अर्थ कावळा. इंग्रजीत त्याचे 'ग्रॅब' झाले, आणि त्या भाषेत 'ग्रॅब' म्हणजे झडप घालून हिसकावणे असा अर्थ पूर्वीपासून असल्यामुळे, मराठी गुराबांची कीर्ती ऐकणाऱ्या पुढील काळातील इंग्रज वाचकांना हे नाव फारच समर्पक वाटले असावे. 'गलबत' या शब्दाचे मूळ वादग्रस्त आहे. त्याचा संबंध काही पंडित पोर्तुगीज 'गालिओता'शी जोडतात, तर काही अरबी मुळाकडे वळतात. एकाच पत्राच्या दहा-बारा ओळींत असे तीन मार्गांनी आलेले शब्द शेजारी शेजारी बसलेले आढळतात, आणि मुंबईच्या धक्क्यावर त्या काळी कोणकोणत्या भाषा कानी पडत असत याची कल्पना त्यावरून येते.

स्थलनामांचीही अशीच गत आहे. थळचे 'टल' होते. खांदेरी-उंदेरी या जोडीचे 'हेंड्री-केंड्री' आणि पुढे 'हेनरी-केनरी' होऊन ती दोन सख्खी भावंडे वाटू लागतात. साष्टीतील कान्हेरीच्या लेण्यांचे नावही जुन्या इंग्रजी लेखनात याच्याशी जवळजवळ एकरूप दिसते. वाचकाने बेताने पाऊल टाकिले नाही तर आरमारी लढाई डोंगरातील लेण्यांत नेऊन ठेवण्याचा प्रसंग ओढवावयाचा!

शिबाड हे मुळात मालवाहू तारू. पोट मोठे, चाल मंद, भर सगळा शिडावर. अशा तीन तारवांनी पावसाळ्याच्या शेपटावर एका खडकाळ बेटाभोवती पहारा करावयाचा म्हणजे बव्हंशी वाऱ्याच्या मर्जीने दूर जावयाचे आणि पुन्हा यावयाचे. इंग्रजांनी प्रथम पाठविले ते नेमके हेच, कारण मिळण्यासारखे तेच होते. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प याने अशाच एका शिबाडातून बेटावर उतरण्याचा अविचारी प्रयत्न केला. वरून गोळ्यांचा वर्षाव झाला. थॉर्प आणि त्याच्याबरोबरचे आणखी काही इसम ठार झाले, काही कैद झाले आणि शिबाड मराठ्यांच्या हाती पडले. थॉर्प त्या वेळी मद्याच्या अंमलाखाली होता असे त्याच्याच लोकांनी पुढे सांगितले. ते खरे असेलही. पण पराभवानंतर मेलेल्या माणसाच्या माथी दोष मारणे जिवंतांना नेहमीच सोयीचे असते.

यानंतर 'रिव्हेंज' घेऊन कॅप्टन मिंचिन आला आणि ऑक्टोबरच्या पूर्वार्धापर्यंत सर्व आरमाराचे आधिपत्य कॅप्टन रिचर्ड केग्विन याजकडे देण्यात आले. केग्विन हा या सर्व कथेतील इंग्रज बाजूचा सर्वांत कर्तबगार पुरुष होय. १६७३ मध्ये डच लोकांपासून सेंट हेलेना बेट परत घेणाऱ्या मोहिमेत तो होता आणि काही काळ त्या बेटाचा अधिकारीही झाला होता. बेट कसे घ्यावे याचा अनुभव असलेला मनुष्य मुंबईस त्याच्याखेरीज दुसरा क्वचितच असेल. त्याच्या हाती जे आरमार आले त्यात एकंदर आठ नौका होत्या : रिव्हेंज हे फ्रिगेट, दोन गुराबा, तीन शिबाडे आणि दोन मचवे. त्यांवर सुमारे दोनशे गोरे शिपाई-खलाशी, शिवाय देशी खलाशी होते.

समोरच्या किनाऱ्यावर, थळ ते चौल या पट्ट्यात, दौलतखानाचे आरमार जमत होते. त्यातील नौकांची संख्या चाळीसपासून साठपर्यंत दिली जाते, आणि त्या बहुतेक सर्व गलबते होत्या. गलबत म्हणजे काय हे येथे नीट समजून घेतले पाहिजे. ऑर्म याने अठराव्या शतकाच्या मध्यात, आंग्र्यांच्या आरमाराच्या संदर्भात, या नौकांचे वर्णन केले आहे. त्याच्या मते गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची असे. दोन डोलकाठ्यांची दीडशे टनांपर्यंत आणि तीन डोलकाठ्यांची तीनशे टनांपर्यंत. रुंदीच्या मानाने तिला पाणी फार थोडे लागे. गलबत क्वचितच सत्तर टनांच्या वर जाई. त्याला दोन डोलकाठ्या असत आणि चाळीस-पन्नास वल्ही. वल्ह्यांच्या बळावर ते ताशी चार मैल जाऊ शके. १६७९ ची गलबते याहून लहान असावीत असे मानावयास जागा आहे, कारण मधल्या सत्तर-ऐंशी वर्षांत कान्होजी आंग्र्यांच्या कारकिर्दीत जहाजबांधणी पुष्कळ पुढे गेली होती. परंतु गुण तेच. पाणी थोडे लागणे आणि वाऱ्यावाचून चालणे, या दोन गोष्टी फ्रिगेटात नव्हत्या व शिबाडातही नव्हत्या.

१८ ऑक्टोबरच्या पहाटे दौलतखानाने हल्ला केला. चौलच्या उत्तरेकडील किनाऱ्यापासून ही गलबते इतक्या वेगाने आली की नांगरून पडलेल्या इंग्रज नौकांना नांगर उचलण्यासही जेमतेम अवकाश मिळाला. या वेगाचा उलगडा कोकणच्या कोणाही तांडेलाला सहज करता येईल. पावसाळा संपल्यावर या किनाऱ्यावर रात्री व पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहतो. त्याला कोकणात 'मतलई' म्हणतात. दिवस वर आल्यावर वारा फिरतो आणि समुद्राकडून जमिनीकडे येऊ लागतो. किनाऱ्यावरून निघणाऱ्याला पहाटे मतलई पाठीशी मिळते, वल्ही जोडीला असतातच. आणि पश्चिमेकडून परत किनाऱ्याकडे यावयाचे तर दुपारचा वारा अनुकूल असतो. हल्ल्यासाठी पहाट निवडली गेली ती केवळ शत्रू झोपेत असतो म्हणून निवडली असे मानण्याचे कारण नाही.

पुढचा अर्धा तास इंग्रजांच्या दृष्टीने फार वाईट गेला. 'डव्ह' नावाच्या गुराबेवरील मॉलेव्हरर या सार्जंटाने निशाण उतरविले आणि ती गुराब आतील माणसांसह मराठ्यांच्या हाती पडली. ('डव्ह' म्हणजे पारवा. कावळ्याचे नाव धारण करणाऱ्या नौकेस हे विशेषनाम ज्याने दिले त्याला 'गुराब' शब्दाचा अर्थ ठाऊक नसावा.) दुसरी गुराब व बाकीच्या लहान नौका दूर पळाल्या. मधोमध राहिले एकटे रिव्हेंज. केग्विन व मिंचिन यांनी मात्र डोके शांत ठेवून गलबते अगदी जवळ येईपर्यंत धीर धरला आणि मग तोफा व बंदुका यांचा असा भडिमार केला की मराठी आरमाराला मागे फिरावे लागले. रिव्हेंजने त्यांचा काही अंतर पाठलाग केला, परंतु गलबते उथळ पाण्यात शिरून नागोठण्याच्या खाडीकडे निघून गेली आणि तेथे जास्त पाणी लागणाऱ्या फ्रिगेटाला जाता येईना. मराठ्यांची पाच गलबते बुडाली असे इंग्रजी वृत्तांत सांगतात.

हा दिवस कोणाचा, असा प्रश्न पुष्कळ ग्रंथकारांनी चर्चिला आहे. इंग्रज लेखक रिव्हेंजच्या पराक्रमाकडे बोट दाखवितात आणि तो पराक्रम निर्विवाद आहे; पन्नासांवर नौकांशी एका जहाजाने दिलेली ती झुंज वाचताना परपक्षाच्या धैर्याचेही कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. मराठी लेखक हस्तगत झालेल्या डव्हचा आणि पळालेल्या नौकांचा उल्लेख करतात, आणि तोही खरा आहे. परंतु त्या दिवसाचा हिशेब मांडीत बसल्याने वेढ्याचा हिशेब चुकतो. १८ ऑक्टोबरच्या सायंकाळी खांदेरीवर जे होते तेच १७ ऑक्टोबरला होते : अर्धवट उठलेला तट, काही तोफा, आणि रोज धान्य, दारूगोळा, चुना व लाकूड यांची गरज असलेली माणसे. केग्विनचे काम ती गरज पुरी होऊ न देणे हे होते. दौलतखानाचे काम ती पुरी करणे हे होते. ज्याचे काम साधले त्याला विजय मिळाला असे म्हणावे लागते.

जलदुर्ग रसदीवर जगतो ही गोष्ट शिवाजी महाराजांच्या मनात किती खोल रुतलेली होती याचा पुरावा याच्या चार वर्षे आधीचा आहे. जंजिऱ्याच्या समोर पद्मदुर्ग उभा होत असताना दौलतखान व दर्यासारंग यांच्या आरमाराला प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याने पैसा व धान्य वेळेवर पोचविले नाही. तेव्हा महाराजांनी १६७५ च्या जानेवारीत त्याला जे पत्र लिहिले, ते त्यांच्या उपलब्ध पत्रांतील अत्यंत कडक पत्रांपैकी एक आहे. त्यात सुभेदाराच्या ब्राह्मण्याचाही मुलाहिजा राखिलेला नाही. ज्या कारभाऱ्यांनी ते पत्र वाचले अथवा ऐकले होते, त्यांना १६७९ च्या हिवाळ्यात खांदेरीची रसद ही काय वस्तू आहे हे पुन्हा सांगावे लागले नसेल.

नोव्हेंबर उजाडला तसा वेढ्याचा खरा रंग दिसू लागला. दिवसा रिव्हेंजच्या तोफांच्या टप्प्यात येण्याचे धाडस कोणी करीत नसे. रात्र पडली म्हणजे थळच्या बाजूने लहान होड्या सुटत, उंदेरीच्या खडकांच्या आडोशाने जात आणि खांदेरीच्या टेकड्यांमधील सखल जागी लागत. उतारू व माल खाली होई आणि उजाडण्यापूर्वी होडी परत. इंग्रजी पत्रांत याविषयीची तक्रार वारंवार येते. मराठ्यांच्या हलक्या होड्या आपल्या जड तारवांच्या भोवती फिरून निघून जातात आणि आपल्याला त्यांना अडविता येत नाही, असा त्या तक्रारींचा आशय आहे. मुंबईहून आणखी नौका, आणखी माणसे, आणखी दारूगोळा मागविला जाई. सुरतेहून खर्चाविषयी विचारणा होई. तट मात्र वाढतच होता.

केग्विनसारख्या कसलेल्या दर्यावर्द्यास हे थांबविता का येऊ नये, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर पुन्हा नौकांच्या जातीतच आहे. फ्रिगेट बेटाच्या फार जवळ रात्री उभे करता येत नाही, कारण भोवती खडक आहेत आणि वारा पडला तर प्रवाह त्याला नेईल तिकडे ते जाणार. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे, या भागात पाण्याची ओढ जोराची असते. अमावास्येचे उधाण तर होडीवाल्याच्या सोयीचेच. अंधारही असतो आणि खडकांवर पाणीही भरपूर. शिबाडे जवळ ठेवावीत तर ती मंद. मचवे चपळ, पण दोनच, आणि त्यांना एकटे पुढे धाडावे तर गलबते येऊन गिळणार. सारांश, जे जहाज लढू शकत होते ते अडवू शकत नव्हते, आणि ज्या नौका अडवू शकल्या असत्या त्या लढण्यास असमर्थ होत्या. 'इंग्रज जहाजांनी बेटाला वेढा घातला' आणि 'मराठी जहाजांनी तो मोडला' अशी वाक्ये लिहिली म्हणजे ही सर्व यंत्रणा वाचकाच्या नजरेआड होते.

या रात्रीच्या फेऱ्या करणाऱ्यांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत. ते कोळी, भंडारी, खारवी अशा किनाऱ्यावरील जातींतले असणार. मुंबईच्या बाजूसही इंग्रजांनी शिबंदीत भंडाऱ्यांची भरती केलेली होती. म्हणजे एकाच पाण्यावर वाढलेली आणि एकाच बोलीत एकमेकांना हाक मारू शकणारी माणसे या वेढ्यात दोन्हीकडे होती. माय नाईकाचे नावही आपल्याला धड एका रूपात लाभलेले नाही. कोठे 'मायनाक', कोठे 'मायनाईक', इंग्रजीत आणखी निराळेच. 'नायक' या संस्कृत पदाचे 'नाईक' आणि 'नाक' हे झिजलेले अवतार जुन्या मराठीत नवे नाहीत, तेव्हा ही तीन माणसे नसून एकच होय, याविषयी शंका बाळगण्याचे कारण दिसत नाही. सभासद त्याला दर्यासारंगाच्या बरोबरीचा आरमारी सुभेदार म्हणतो. दर्यासारंग हे पद फार्सी, त्याचा धारक मुसलमान, माय नाईक भंडारी, दौलतखान मुसलमान. आरमाराच्या शब्दकोशाप्रमाणेच त्याचे मनुष्यबळही नाना ठिकाणांहून आलेले होते. खुद्द 'आरमार' हा शब्दही पोर्तुगीजांच्या 'आर्मादा'वरून आलेला आहे.

नोव्हेंबरात सिद्दीचे आरमार इंग्रजांच्या साहाय्यास आले. 'साहाय्यास' हा शब्द इंग्रजांनाही लवकरच संशयास्पद वाटू लागला. सिद्दी कासमने खांदेरीवर तोफांचा मारा केला हे खरे, पण खांदेरी पडलीच तर ती आपल्याच ताब्यात राहावी असा त्याचा मनोदय होता, आणि मुंबईच्या तोंडाशी मराठ्यांऐवजी सिद्दी बसणे हे कंपनीला तितकेच नकोसे होते. १६८० च्या जानेवारीत सिद्दीने उंदेरी व्यापली आणि तेथे स्वतःची तटबंदी सुरू केली. ही चाल पाहिली म्हणजे सिद्दीला या वेढ्याचे मर्म इंग्रजांपेक्षा चांगले समजले होते असे म्हणावे लागते. थळ आणि खांदेरी यांच्यामधील रात्रीची वाट उंदेरीवरून जात होती. ती वाट जहाजांनी रोखता येत नाही, तर बेटाने रोखावी! दौलतखानालाही हे उमगले. जानेवारीच्या अखेरीस त्याने उंदेरीवर जोराचा हल्ला केला, पण तो परतविला गेला आणि तो स्वतः जखमी झाला.

तोवर इंग्रजांचा धीर आणि पैसा दोन्ही संपत आले होते. सुरतेच्या कौन्सिलाचा कल तडजोडीकडे होताच. जानेवारीतच इंग्रजांनी मराठ्यांशी बोलणे लावून आपल्या नौका काढून घेतल्या. खांदेरी मराठ्यांकडे राहिली. त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी, ३ एप्रिल १६८० रोजी, रायगडावर शिवाजी महाराजांचे देहावसान झाले. त्यांच्या आयुष्यातील अखेरच्या यशस्वी उपक्रमांत या लहानशा बेटाची गणना करावयास हवी. उंदेरी सिद्दीकडे आणि खांदेरी मराठ्यांकडे अशी ही जोडी पुढे दीर्घकाळ एकमेकींवर तोफा रोखून उभी राहिली.

केग्विनचे पुढील चरित्र विलक्षण आहे. कंपनीच्या ज्या काटकसरीने त्याला खांदेरीपुढे आठ नौकांनिशी उभे केले, तिच्याच विरुद्ध त्याने १६८३ च्या डिसेंबरात मुंबईस बंड केले, बेट राजाच्या नावाने ताब्यात घेतले आणि सुमारे वर्षभर तेथील कारभार चालविला. त्या काळात त्याने संभाजी महाराजांशी तह केला. ज्यांच्याशी तो १६७९ मध्ये लढला होता, त्यांच्याशी शेजारधर्माने राहणे स्वस्त पडते हे त्याने समुद्रावरच शिकून घेतले असावे. १६९० मध्ये वेस्ट इंडीजमधील सेंट किट्स बेटावरील लढाईत तो मारला गेला.

खांदेरीच्या अनुभवाचा ठसा मराठी राजनीतीच्या लेखनात कोठे दिसतो काय? १७१५ च्या सुमाराची रामचंद्रपंत अमात्यांची आज्ञापत्रे या दृष्टीने वाचण्याजोगी आहेत. त्यांतील आरमारविषयक प्रकरणात गुराबा फार मोठ्याही नसाव्यात व फार लहानही नसाव्यात असे सांगून, ज्या मोठ्या नौका वाऱ्यावाचून निरुपयोगी ठरतात त्या बांधण्याचे कारण नाही, असा स्पष्ट निर्णय दिलेला आहे. अशा नौकांसाठी तेथे जे शब्द योजिले आहेत त्यांत 'फरगात' हा एक आहे. फरगात म्हणजे पोर्तुगीज 'फ्रागाता', म्हणजेच इंग्रजांचे फ्रिगेट. शब्द परका असून तो ज्या वस्तूस लागतो ती वस्तू लेखकाने पाहून, तोलून, मग नाकारलेली आहे. त्याच प्रकरणात पाच गुराबा व पंधरा गलबते यांचा एक सुभा करण्याची योजना आहे. १८ ऑक्टोबर १६७९ च्या पहाटे दौलतखानाजवळ गलबते उदंड होती, पण रिव्हेंजच्या तोफांना उत्तर देऊ शकेल अशा मोठ्या तोफा वाहणाऱ्या गुराबांचे बळ कमी पडले. पाचास पंधरा हे प्रमाण त्या उणिवेतून सुचले असे ठामपणे म्हणता येणार नाही, पण ती उणीव त्याने भरून निघते एवढे खचित. हा निर्णय संपूर्ण निर्दोष होता असेही नाही. वाऱ्यावर अवलंबून असलेली मोठी जहाजे किनाऱ्याजवळ निरुपयोगी असली तरी खोल समुद्रात तीच वरचढ ठरतात, आणि खोल समुद्र मराठी आरमाराने बव्हंशी दुसऱ्यांसाठी मोकळा सोडला. फरगात नाकारण्यात जसे शहाणपण होते तशी मर्यादाही होती, आणि तिचे परिणाम पुढल्या शतकात भोगावे लागले.

१७१८ च्या नोव्हेंबरात मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने कान्होजी आंग्र्यांच्या ताब्यातील खांदेरीवर पुन्हा मोठे आरमार नेले आणि त्याला हात हलवीत परत यावे लागले. मात्र मुंबईकरांनी मधल्या काळात एक गोष्ट उचलली होती. अठराव्या शतकातील कंपनीच्या मुंबई आरमारात फ्रिगेटांच्या जोडीला 'ग्रॅब' आणि 'गॅलिव्हॅट' या जातींच्या नौका नियमाने आढळतात. १६७९ च्या पत्रांत ज्या नौकांविषयी गाऱ्हाणी आहेत, त्यांचीच नावे थोड्या इंग्रजी वळणाने कंपनीच्या स्वतःच्या याद्यांत चढलेली होती.